वाडीच्या वर काय आहे: महाड तालुक्यात दरड आणि पुराचा धोका तपासतानाच्या नोंदी

१४ एप्रिल २०२४, रविवार

आज कामाला सुरुवात. आम्ही पाच जण आहोत. मी ज्युनिअर कॉलेजला भूगोल शिकवतो, माझे दोन जुने विद्यार्थी, एका गावचे पोलीस पाटील आणि आमच्या भागातल्या आशाताई, म्हणजे घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविका. महाड तालुक्यातल्या डोंगराकडच्या आणि नदीकाठच्या २४ वाड्या पावसाच्या आत बघायच्या आणि प्रत्येक वाडीचं एक पान करायचं असं ठरलंय. पानावर चारच गोष्टी, कुठलं घर धोक्यात, कशामुळे, रात्री तिथे कोण झोपतं आणि वेळ आली तर माणसं जाणार कुठे.

२५-२६ जुलै २००५ ला जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन, चार गावांत मिळून दीडशेच्या वर माणसं गेली. मी तेव्हा बारावीला होतो, मदतीला गेलो होतो, चिखलात अर्धी रुतलेली एक शिलाई मशीन अजून डोळ्यासमोर आहे, सुईत दोरा तसाच ओवलेला. मग २२ जुलै २०२१ ला तळिये. संध्याकाळी दरड आली, नेटवर्क नाही, रस्ते बंद, मोठी मदत पोचली ती दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून डोक्यात आहे की पहिली रात्र वाडीलाच काढावी लागते, तर तयारी वाडीच्या हातातच हवी.

कागदावर बघितलं तर या तालुक्याला सगळंच आहे. पूर आहे, दरड आहे, ३ जून २०२० चं निसर्ग वादळ घरांचे पत्रे घेऊन गेलं, वीज पडते, आणि कोयनेचा १९६७ चा भूकंप म्हातारी माणसं अजून सांगतात. पाच जणांना सगळं झेपणार नाही म्हणून दरड आणि पूर एवढंच घेतलं.

२१ एप्रिल

दिवसभर लॅपटॉपवर. जीएसआयचा (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा) दरडप्रवण नकाशा त्यांच्या भूकोश या वेबसाइटवरून मोफत मिळतो, पण तो १:५०,००० चा, म्हणजे नकाशावरचा १ सेंमी म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर. आमची वाडी त्यात तांदळाच्या दाण्याएवढी. कुठल्या डोंगराकडे आधी जायचं हे ठरवायला तो फार चांगला आहे, पण कुठलं घर हे त्यातून कळत नाही आणि तो त्यासाठी बनवलेलाही नाही. मग इस्रोच्या भुवन या वेबसाइटवरून उंचीचा डेटा उतरवला, ३० मीटरचा पिक्सेल म्हणजे नकाशाचा एकेक चौकोन ३० मीटरचा, क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उताराचा नकाशा केला आणि २५ अंशांच्या वर उतार म्हणजे लाल असं ठरवलं. २४ पैकी ९ वाड्या लाल आल्या. झोपताना वाटलं की निम्मं काम झालं.

(हे वाचून कोणी तसंच करायला घेणार असेल तर आधी २६ मे ची नोंद वाचा.)

२८ एप्रिल

घरोघरी फिरायला सुरुवात केली. फॉर्म ४२ प्रश्नांचा. एका घराला ५० मिनिटं लागली, दिवसभरात ६ घरं झाली, आणि विसाव्या प्रश्नानंतर लोक फक्त मान हलवतात हे दिसत होतं. शिक्षण किती, जमीन किती, उत्पन्न किती, हे प्रश्न मीच घातले होते आणि दरडीचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. शिवाय जमिनीचं विचारलं की लोकांना वाटतं वाडी उठवायला आलेत. रात्री बसून फॉर्म ११ प्रश्नांवर आणला. १५० फॉर्म आधीच झेरॉक्स करून ठेवले होते, ते वाया.

५ ते ७ मे

काम बंद. ७ तारखेला लोकसभेचं मतदान, माझी ड्युटी, तलाठी आणि ग्रामसेवकही त्यातच. ज्यांना सरकारी माणसांना भेटून काम करायचंय त्यांनी निवडणुकीचा महिना धरूच नये.

१२ मे

पुराच्या वाड्या घेतल्या. महाडचं पाणी समजून घ्यायचं तर नुसता पाऊस बघून चालत नाही. सावित्री महाबळेश्वरात उगम पावते, त्यामुळे महाडला ऊन असलं तरी वर कोसळत असेल तर पाणी येणारच. गांधारी आणि काळ तिला मिळतात. खालून बाणकोटच्या खाडीतून भरती चढते. उधाणाचे दिवस असले की पाण्याला उतरायला जागा मिळत नाही. त्यात पात्रातली जुटी, म्हणजे गाळाची बेटं, आणि गाळ, आणि दासगावजवळचा रेल्वेचा भराव, त्यावर तर गावागावात चर्चा चालते. मी कॅलेंडर घेऊन बसलो, २०२१ च्या महापुरानंतर दोनच दिवसांनी पौर्णिमा होती, आणि २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीचा जुना ब्रिटिशकालीन पूल दोन एसट्या घेऊन गेला तेव्हा अमावस्या होती. म्हणून पुराच्या वाड्यांच्या पानावर आता जून ते सप्टेंबरच्या सगळ्या पौर्णिमा-अमावस्या आणि त्यांच्या मागचे-पुढचे दोन-दोन दिवस लाल पेनाने लिहिलेत.

आता चूक. भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, त्यांची उंची मोबाइलच्या जीपीएसने घेत गेलो. संध्याकाळी आकडे टाकले तर निम्मी वाडी समुद्रसपाटीच्या ५० मीटर खाली! दोन तास फोन खराब झाला म्हणून खटपट केली. फोन चांगलाच होता. उपग्रहाची उंची ज्या पृष्ठभागावरून मोजली जाते तो आपल्या कोकणात समुद्रसपाटीपेक्षा साठेक मीटर वर आहे. काही ॲप ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत, आणि आमच्या तीन फोनांत तीन प्रकार होते. तो फरक काढला तरी फोन पाच-दहा मीटर इकडे तिकडे सांगतो, आणि आम्हाला तर वीत-दोन वितीचा हिशोब हवा होता.

उपाय एका गवंडीदादांनी दिला, पाण्याची लेव्हल ट्यूब. १५ मीटर पारदर्शक नळी, २५० रुपये. एक टोक पुराच्या खुणेला धरायचं, दुसरं पुढच्या घराच्या जोत्याला, पाणी कुठे थांबतं ते बघायचं आणि टेपने मोजायचं. समुद्रसपाटीशी आपल्याला देणंघेणंच नाही, २०२१ च्या खुणेपासून हे जोतं किती खाली एवढंच हवंय. एका दिवसात ३१ घरं झाली.

खुणांमध्येही घोळ आहे. लोक २००५ आणि २०२१ ची खूण एकमेकांत मिसळतात. एका आजींनी भिंतीवर हात ठेवून सांगितलं, "पानी हितवर व्हतं," कुठल्या वर्षी ते आठवेना. मग आशाताईंनी विचारलं, आजी, तेव्हा सूनबाई घरात आल्या होत्या का? आजी लगेच म्हणाल्या, नाय गो, लगीन नंतर झाला. म्हणजे २००५. तेव्हापासून साल विचारणं बंद, लग्न, बाळंतपण, घराचा स्लॅब हेच विचारतो.

१९ मे

ड्रोन भाड्याने आणला, दिवसाचे ६,००० रुपये. पूर्ण वाया गेले. डोंगरावर झाडी एवढी दाट की फोटोत हिरवा गालिचा दिसतो, जमीन दिसतच नाही, आणि आम्हाला बघायची होती ती जमिनीतली भेग. या पैशांत काही महिन्यांचं पेट्रोल झालं असतं. करायचंच असेल तर उघड्या माळावरच्या वाड्यांना करा.

२६ मे

ही नोंद सगळ्यात महत्त्वाची.

एका वाडीत गेलो जी आमच्या नकाशावर स्वच्छ हिरवी होती. सपाट अंगण, भाताची खाचरं, उतार ६-७ अंश. एक आजोबा ओट्यावर बसले होते, मी त्यांना लॅपटॉपवर नकाशा दाखवून सांगितलं की बाबा तुमची वाडी सुरक्षित आहे. त्यांनी स्क्रीनकडे बघितलंच नाही. मान वर करून मागचा डोंगर बघितला आणि म्हणाले, "पोरा, त्याला यायचं असेल तर तो खालीच येईल ना, वर तर जाणार नाही."

मी पायाखालचा उतार मोजत होतो. दरड सुटते तीव्र उतारावर, पण माणसं मरतात ती पायथ्याला, सपाटीवर, जिथे घर बांधायला जागा मिळाली म्हणून वाडी वसली. जुई आणि दासगाव मी स्वतः बघितलंय, घरं डोंगराच्या पायथ्यालाच होती, तरी लॅपटॉपसमोर बसलो की ते डोक्यातून गेलं. पाच आठवड्यांची वर्गवारी चुकीच्या प्रश्नावर उभी होती. त्या रात्री झोप आली नाही, कारण अशा आणखी दोन हिरव्या वाड्यांत आम्ही जाऊन "तुम्हाला काही नाही" असं सांगून आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या दोन्ही वाड्यांत परत गेलो आणि आमचं चुकलं म्हणून सांगितलं.

नवी पद्धत साधी आहे. कंपासपेटीतला मोठा कोनमापक, त्याला दोरा आणि दोऱ्याला नट बांधून ओळंबा. घराच्या मागच्या दारात उभं राहायचं, कोनमापकाच्या सरळ कडेवरून तीव्र उताराच्या माथ्याकडे नेम धरायचा, दोरा किती अंश सरकला ते दुसऱ्याने वाचायचं. माथा २० अंशांपेक्षा वर दिसत असेल तर घर यादीत. २० हा आकडा आम्ही मुद्दाम सावध धरलाय, यादी थोडी मोठी झाली तरी चालेल, घर सुटलेलं चालणार नाही. आणि डोंगरातून येणारा पऱ्या, म्हणजे ओढा, घरापासून ३० पावलांच्या आत असेल तर कोन कितीही असो, घर यादीत, कारण चिखल वाट शोधतो ती पऱ्यानेच.

२ जून

एक आठवडा सकाळ-संध्याकाळ फिरून सगळ्या वाड्या परत मोजल्या. आता १३ वाड्यांत धोक्यातली घरं आहेत. आधीच्या ९ लाल वाड्यांपैकी ३ पूर्ण बाहेर पडल्या, त्या वर कातळावर बसल्यात, डोक्यावर माती नाहीच. आधीच्या हिरव्यांपैकी ७ आत आल्या. नकाशावर भरवसा ठेवून थांबलो असतो तर या सात वाड्यांचं पानच झालं नसतं. १९ जुलै २०२३ ला इर्शाळवाडी गेली तेव्हाही हेच ऐकलं होतं, की ती धोक्याच्या यादीत नव्हती. तेव्हा यादी करणाऱ्यांचा राग आला होता. आता कळतंय की यादी अशी चुकते, आणि म्हणून ती एका बैठकीत संपवायची नसते.

घरात कोण राहतं याची माहिती ग्रामपंचायतीच्या कागदावरून घेतली होती. आशाताईंनी त्यांची वही काढली आणि ते सगळं बाजूला पडलं. शाळेची निळी वही, कोपरे दुमडलेले, त्यात घरागणिक कोण गरोदर, कोणाला डायलिसिस, कोणाचा गुडघा चालत नाही, कोण एकटं. कागदावर एका घरात ७ माणसं, ताई म्हणाल्या पाच मुंबई आणि बदलापूरला, घरात दोघंच, आणि त्यातल्या आजोबांना उचलूनच न्यावं लागेल. एवढं एक वाक्य आमच्या अख्ख्या फॉर्ममध्ये नव्हतं. आता पानावर वेगळा रकाना आहे, "उचलून न्यावं लागेल". १३ वाड्यांत मिळून १९ जण. प्रत्येकासमोर दोन तरुणांची नावं लिहिली आणि त्या तरुणांना ती स्वतः वाचायला दिली.

आणि एका वाडीत माणसं हलवायची जागा म्हणून सगळ्यांनी शाळा सांगितली. शाळेच्या मागे जाऊन उभे राहिलो तर पऱ्या भिंतीपासून १२ पावलांवर, आणि माथ्याचा कोन २६. शाळा रद्द. पर्याय म्हणून देवळाचा सभामंडप ठरला, तो टेपावर, म्हणजे उंचवट्यावर आहे, पण तिथे संडास नाही. यावर अजून तोडगा नाही.

१६ जून

पाऊस लागला. आठ वाड्यांत पर्जन्यमापक लावले, दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली कापून, तळ सिमेंटने सपाट करून, बाहेरून पट्टी चिकटवून. फुकटात झाले म्हणून खूश होतो. एक घराच्या पागोळीखाली लावला गेला, त्यात दुसऱ्या दिवशी जवळच्या वाडीच्या तिप्पट पाऊस! उघड्यावर हलवला. जवळच्या झाडाच्या किंवा घराच्या उंचीच्या निदान दुप्पट लांब असावा, एवढं बघा.

७ जुलै

बाटल्या भरून वाहिल्या. सरळ भाग जेमतेम १५० मिमीचा, आणि इथे वर्षाला ३,००० च्या वर पडतो. नेमका ज्या रात्रीचा आकडा हवा होता त्याच रात्री पाच वाड्यांत फक्त "१५० च्या वर" एवढंच कळलं. हवामान खातं २०४.५ मिमीच्या पुढे अतिवृष्टीची सगळ्यात वरची पायरी धरतं, आणि आमचं माप तिथपर्यंत पोचतच नव्हतं. आता चार इंची पीव्हीसी पाइपचे दोन फुटी तुकडे, खाली टोपण सोल्युशनने चिकटवून. एकाचे १९० रुपये, आठांचे १,५२०. वाचायला लाकडी पट्टी आत सोडायची. ६०० मिमीपर्यंत चालतो.

१४ जुलै

वाडी क्रमांक ११ च्या वर, सोडलेल्या नाचणीच्या शेतात भेग सापडली. आम्हाला नाही, गुरं राखणाऱ्या एका मावशींना. म्हणाल्या, वासराचा पाय अडकला म्हणून बघितलं. भेग अर्धवर्तुळासारखी, ४० पावलं लांब, रुंदी चार बोटं, आत हात घातला तर कोपरापर्यंत गेला आणि आत गार वारा लागत होता. खालच्या बाजूची दोन ऐनाची झाडं एकाच दिशेने कललेली. त्याखाली ९ घरं.

भेगेच्या दोन्ही बाजूंना लाकडी खुंट्या मारल्या, अंतर ४१ सेंमी. त्याच दिवशी लेखी अर्ज दिला. जिथे दिला तिथे आवक नोंद करून घेतली, पण बघायला कोणी आलं नाही. अर्जाला दोन फोटो आणि मोजमाप जोडा आणि पोच घ्याच, एवढंच सांगेन.

२१ जुलै

खुंट्यांचं अंतर ५३! धावत खाली आलो, सगळ्यांना सांगितलं, मग पाटलांच्या लक्षात आलं की एक खुंटी गुरांनी कलती केलीय. तासभर वाडी घाबरून होती. तिथल्या तिथे लोकांना खरं काय ते सांगितलं. खुंट्या काढून १२ मिमीची सळई, दोन फूट आत ठोकून, टोकाला लाल रंग, भोवती काट्याचं कुंपण. नवं अंतर ४३.

२५ जुलै, गुरुवार

कालपासून थांबलेलाच नाही. वाडी ११ च्या पाइपात सकाळी आठला २१२ मिमी. सळईचं अंतर ४४.५, म्हणजे चार दिवसांत दीड सेंमी, आणि या वेळी दोनदा मोजलं. आमचा ठरलेला नियम असा, २४ तासांत २०० मिमी पाऊस किंवा सळईत १ सेंमी, दोन्हीतलं एक झालं तरी अंधार पडायच्या आत हलायचं. इथे दोन्ही झालं होतं.

नेटवर्क दुपारीच गेलं. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणून जे केलं होतं त्याचा शून्य उपयोग. देवळातली घंटा आणि शिट्ट्या हे ठरवून ठेवलं होतं म्हणून निभावलं. ९ घरांतली २६ माणसं, त्यात तीन उचलून. दुपारी साडेतीनला सुरुवात, शेवटचं घर सहा वाजून दहा मिनिटांनी, म्हणजे अडीच तासांच्या वर, आम्ही धरला होता एक तास. वेळ गेला तो गुरांमुळे. गोठ्यात दावणीला म्हैस सोडून माणूस निघत नाही, आणि ते बरोबरच आहे. गुरं कुठे बांधायची हे आमच्या पानावर कुठेच नव्हतं.

२८ जुलै

डोंगर आला नाही. दोन रात्री देवळात काढून लोक काल घरी गेले. दोघांनी तोंडावर सांगितलं की परत बोलवाल तर येणार नाही, लावणीचे दिवस वाया गेले. त्यांचं खरं आहे, आवणातला एक दिवस जातो म्हणजे काय ते मला कळतं. भांडलो नाही. भेगेवर दोघांना घेऊन गेलो आणि त्यांच्या हातात टेप दिली. आता दर रविवारी तेच मोजतात.

नियमही बदलला. पाऊस २०० झाला तर फक्त "उचलून न्यावं लागेल" वाले आणि लहान मुलं आधी हलतील. सळई हलली तर सगळे. आणि गुरांसाठी देवळाखालच्या आंब्याजवळ दावण.

३० जुलै

सकाळी केरळातल्या वायनाडच्या दरडीची बातमी. आज माळीणच्या दरडीला बरोबर दहा वर्षं झाली, ३० जुलै २०१४, १५१ माणसं. दुपारी कॉलेजमधून निघालो आणि वाडी ११ ला जाऊन बसलो, काही काम नव्हतं. संध्याकाळी त्या दोघांतला एक जण न सांगता सळई मोजून आला, म्हणाला, सर, चव्वेचाळीस पूर्णांक पाचच आहे.

१८ ऑगस्ट

आतापर्यंतचा खर्च १६,२३० रुपये, त्यात ड्रोनचे ६,००० आणि वाया गेलेल्या झेरॉक्सचे ४५० धरून. ड्रोन सोडला तर पेट्रोल सगळ्यात जास्त, ५,४००. आमच्या सुट्ट्या यात धरलेल्या नाहीत. २४ पैकी २१ पानं पूर्ण झाली, ती लॅमिनेट करून पोलीस पाटील, आशाताई आणि देवळात अशी तीन ठिकाणी लावली. राहिलेल्या तीन वाड्यांचा रस्ताच खचलाय.

भेगेवर भातखाचराची माती चोपून वर जुनं प्लास्टिक अंथरलं आणि वरच्या बाजूने चर खणून पाणी पऱ्याकडे वळवलं. यामुळे डोंगर थांबेल असं कोणी समजू नये, आत जाणारं पाणी कमी व्हावं एवढ्यासाठीच.

२५ ऑगस्ट

सळई ४५. आशाताईंनी आज आठवण केली जी आमच्या कोणाच्या डोक्यात नव्हती. ७ सप्टेंबरला गणपती. चाकरमानी येणार, जी घरं आमच्या यादीत "बंद" म्हणून आहेत ती दहा दिवस भरलेली असणार, एकेका घरात बारा-पंधरा माणसं, आणि त्यातल्या लहान मुलांना देवळाची वाटसुद्धा माहीत नाही. वाडी ११ मध्ये २६ चे साठ-सत्तर होतील, सभामंडपात एवढी माणसं मावत नाहीत. १ तारखेच्या रविवारी घरोघरी जाऊन कोण कधी येणार ते लिहून घ्यायचं, ताईंनी नवीन वही आणलीय.